कमी दिवसांच्या बाळाला वरचं अन्न: वय कसं मोजायचं, काय बघायचं, कोणत्या क्रमाने भरवायचं

‘सहा महिने झाले, आता वरचं अन्न सुरू करा’ हे पूर्ण दिवसांच्या बाळासाठी बरोबर आहे. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत याच वाक्याने घोळ होतो. कुणी जन्मतारखेवरून सहा महिने मोजतं आणि अजून मान डगमगणाऱ्या बाळाच्या तोंडात चमचा घालतं. कुणी वजन कमी म्हणून तिसऱ्या महिन्यातच सुरुवात करतं. आणि कुणी एनआयसीयूतले (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले) दिवस आठवून इतकं घाबरतं की दहाव्या महिन्यातही बाळ फक्त दुधावर असतं.

माझी मुलगी ३० आठवड्यांना जन्मलेली. मी पहिल्या गटातली. त्यामुळे खालच्या बऱ्याचशा सूचना स्वतः ठेच खाऊन आलेल्या आहेत.

## १. आधी वय नीट मोजा

कमी दिवसांच्या बाळाला दोन वयं असतात. जन्मापासूनचं वय, आणि दुरुस्त वय, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘करेक्टेड एज’ म्हणतात ते. बाळ ४० आठवड्यांच्या आधी जितके आठवडे आलं, तितके जन्मापासूनच्या वयातून वजा करायचे.

उदाहरणार्थ, ३० आठवड्यांचं बाळ १० आठवडे आधी आलं. जन्मापासून २६ आठवडे, म्हणजे सहा महिने झाले, तेव्हा त्याचं दुरुस्त वय १६ आठवडे. पुरते चार महिनेही नाहीत. ३४ आठवड्यांचं बाळ त्याच दिवशी २० आठवड्यांचं, म्हणजे साधारण साडेचार महिन्यांचं भरेल.

इथे एक बारीक चूक हमखास होते. चार आठवड्यांचा एक महिना धरला जातो. महिना साधारण ४.३ आठवड्यांचा असतो, आणि सहा महिन्यांत हा फरक जवळजवळ दोन आठवड्यांचा होतो. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे वजाबाकी सोडून प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. डॉक्टरांनी १४ मार्च तारीख दिली होती, तर बाळ कधीही जन्मलेलं असो, १४ जुलैला त्याचं दुरुस्त वय चार महिने. तारखा दोन-तीन वेगवेगळ्या सांगितल्या गेल्या असतील तर डिस्चार्ज कार्डावर जितके आठवडे लिहिले आहेत, ते ज्या तारखेवरून काढले तीच धरा.

ध्यानात ठेवा: लसी जन्मापासूनच्या वयानेच द्यायच्या असतात. दुरुस्त वयाचा हिशोब खाणं, बसणं, रांगणं, वजन-उंचीचा तक्ता यांच्यासाठी. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिताना सरमिसळ होते आणि लस लांबते. वहीत दोन वेगळे रकाने करा.

### मग नेमकं कधी?

सगळ्या कमी दिवसांच्या बाळांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि वैद्यकीय संस्थांच्या सल्ल्यातही फरक आहे. काही ठिकाणी जन्मापासून पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान, पण दुरुस्त वय किमान तीन महिने झाल्यावरच, असं सांगतात. काही ठिकाणी दुरुस्त वय चार ते सहा महिने. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या ४०३ बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना दुरुस्त वय चार महिने झाल्यावर वरचं अन्न सुरू केलं, निम्म्यांना सहा महिने झाल्यावर. दुरुस्त वय एक वर्ष झालं तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात फरक नव्हता. लवकर सुरू केलेल्या गटातली बाळं मात्र जास्त वेळा दवाखान्यात भरती झाली होती.

यावरून माझं मत असं: दुरुस्त वय चार महिने होईपर्यंत विषयच काढू नका. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तारखेपेक्षा बाळाकडे बघा. दूध व्यवस्थित पीत असेल, वजन वाढत असेल तर सहाच्या जवळ जायला हरकत नाही. दुरुस्त वय सहा महिने उलटूनही सुरुवात नसेल, तर त्याला कारण हवं आणि ते डॉक्टरांनी सांगितलेलं हवं. २७-२८ आठवड्यांच्या बाळाचं दुरुस्त वय सहा महिने होतं तेव्हा जन्मापासून जवळजवळ नऊ महिने झालेले असतात. अशा बाळाची तारीख घरी ठरवूच नका.

## २. सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी

‘सुरू करू का?’ एवढंच विचारलं तर उत्तरही ‘करा’ एवढंच मिळतं. त्यापेक्षा हे विचारा:

- गिळण्याची तपासणी हवी का? बाळ बराच काळ व्हेंटिलेटरवर किंवा नळीने दुधावर होतं, घरीही ऑक्सिजन लागत होता, दूध पिताना खोकतं, घशात घरघर राहते, वरचेवर छातीत कफ होतो, यातलं काही असेल तर आधी गिळण्याच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत घास गेला तर प्रत्येक वेळी ठसका लागेलच असं नाही, काही बाळं आवाजही करत नाहीत.
- लोहाचे थेंब किती आणि कधीपर्यंत? बाळाच्या शरीरातला लोहाचा बहुतेक साठा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतो. लवकर आलेल्या बाळाला तो पुरता मिळालेला नसतो. म्हणून रोज साधारण २ ते ४ मिलिग्रॅम प्रति किलो वजन इतकं लोह वेगळं दिलं जातं. बाळाचं वजन वाढतं तसा डोसही बदलावा लागतो, हे घरोघरी विसरलं जातं.
- ड जीवनसत्त्व चालू ठेवायचं ना? खाणं सुरू झालं की थेंबांच्या बाटल्या कपाटात मागे जातात. दोन घासांतून ही गरज भागत नाही.
- दूध दाट करायचं का? हे स्वतःच्या मनाने कधीच करू नका. झँथन गमवर आधारित एका दाटकाविषयी (दूध दाट करणाऱ्या पदार्थाविषयी) अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये इशारा दिला होता: ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना ते देऊ नका, कारण आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका दिसला होता. बाटलीतल्या दुधात धान्याचं पीठ मिसळणं हाही ‘वरचा आहार’ नव्हे. त्यात बाळ खायला काहीच शिकत नाही, ठसक्याचा धोका मात्र वाढतो.

## ३. बाळाकडे बघा

दुरुस्त वय चारच्या पुढे गेलं की आठवडाभर रोज थोडं निरीक्षण करा. आधार देऊन बसवल्यावर मान सरळ राहते का? तुम्ही खाताना नजर तुमच्या हाताबरोबर तोंडापर्यंत जाते का? खेळणं धरून तोंडाशी नेतं का? रिकामा मऊ चमचा खालच्या ओठाला लावल्यावर तोंड उघडतं, की जीभ पुढे काढून ढकलतं?

यात मान सर्वांत महत्त्वाची. बाकीच्यातलं एखादं उशिरा आलं तरी चालेल. कमी दिवसांच्या बाळात सगळी लक्षणं सहसा एकदम दिसत नाहीत, आणि सगळ्यांची वाट बघत बसलात तर उशीर होतो. पण मान डगमगत असेल तर बाकी काहीही दिसलं तरी थांबा.

फसवी लक्षणंही आहेत. मुठी चोखणं, रात्री पुन्हा उठायला लागणं, दूध जास्त मागणं, लाळ गाळणं ही भुकेची किंवा वाढीची चिन्हं असतील, घास गिळण्याच्या तयारीची नव्हेत. रात्री जास्त उठणाऱ्या बाळाला बहुतेक वेळा जास्त दूध हवं असतं.

थांबा: ‘वजन कमी आहे म्हणून लवकर भरवा’ हा सल्ला घरातून, शेजारातून येणारच. त्यातला आकडा बघा. १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. उकडलेल्या गाजराच्या १०० ग्रॅममध्ये ३५-४०, आणि पाणी घालून पातळ केलं की त्याहून निम्म्या. छोट्या पोटात पातळ भाजी गेली तर तेवढं दूध कमी जातं आणि वजन वाढण्याऐवजी थबकतं. वजनाची चिंता असेल तर दुधाचं प्रमाण आणि त्यात काही मिसळायचं का, हे आधी डॉक्टरांशी बोला.

## ४. जागा, बसणं, चमचा, वेळ

लोक काय भरवायचं यावर आठवडे घालवतात आणि बाळाला कसं बसवायचं हे पहिल्या घासाच्या वेळी ठरवतात. माझंही तसंच झालं. मुलगी खुर्चीत डावीकडे कलायची, हनुवटी छातीला टेकायची, आणि भरवलेलं सगळं ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. मला वाटलं रताळं आवडत नाही. चार दिवसांत तीन भाज्या बदलल्या. तपासणीला गेल्यावर भरवण्या-गिळण्याच्या थेरपिस्टने खाण्याकडे बघितलंही नाही. दोन टॉवेल गुंडाळून कमरेच्या दोन्ही बाजूंना खोचले, पायाखाली एक खोकं सरकवलं आणि तोच डबा पुन्हा उघडायला सांगितला. तेच रताळं पाच चमचे गेलं.

तेव्हा आधी बैठक:

१. कंबर काटकोनात, पाठ सरळ, मान मधोमध. रेललेल्या खुर्चीत किंवा मांडीवर आडवं धरून भरवू नका.
२. तळपाय कशावर तरी टेकलेले. लोंबते पाय असले की बाळाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते.
३. तुम्ही बाळाच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर. उभं राहून भरवलंत तर बाळ मान वर करतं, आणि मान मागे गेली की गिळणं अवघड होतं.

चमचा लहान, उथळ, कडेला मऊ. वाटीतला खोलगट चमचा बाळाच्या वरच्या ओठाने साफ होत नाही. मग आपण तो हिरडीवर घासून रिकामा करतो, ही सवय वाईट.

वेळ अशी निवडा की बाळ जागं, प्रसन्न आणि अर्धवट भुकेलं असेल. दुधानंतर तासाभराने बरं पडतं. फार भुकेल्या बाळाला चमच्याचा राग येतो, पोट भरलेल्याला त्यात रस नसतो. लस घेतलेला दिवस, सर्दीचे दिवस, नुकतं दवाखान्यातून घरी आल्याचा आठवडा हे नवीन काही सुरू करायचे दिवस नव्हेत.

हात, वाटी, चमचा साबणाने धुवा. अन्न ताजं करा, दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं टाकून द्या, उष्टा चमचा बुडवलेली वाटी पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. हे सगळ्याच बाळांना लागू आहे, पण ज्या बाळाचं एक जुलाबाचं दुखणं त्याला पुन्हा दवाखान्यात नेऊ शकतं, त्याच्या बाबतीत आळस करू नका.

तपासा: चमचा हातात घेण्याआधी एकदा बाजूने बघा. कान, खांदा आणि कंबर साधारण एका रेषेत आहेत का?

## ५. पहिले दहा दिवस

दिवसातून एकदाच. दोन छोटे चमचे. उकडून गुळगुळीत वाटलेलं एकच काहीतरी: बटाटा, रताळं, गाजर, मऊ भात, काहीही चालेल. पहिला पदार्थ कोणता यावर फार डोकं शिणवू नका.

दाटपणा मात्र बघा. चमचा तिरका केल्यावर सावकाश घसरावं इतकं दाट हवं. दुधासारखं पातळ केलेलं अन्न तोंडात आवरत नाही, ते घशाकडे आपोआप पळतं. कमी ताकदीच्या तोंडाला पाण्यासारखं पातळ हेच सर्वांत अवघड असतं, आणि आपण मात्र ‘पहिल्यांदाच आहे’ म्हणून पातळ करत जातो. सैल करायचं असेल तर आईचं दूध किंवा बाळाचं नेहमीचं दूध घाला.

भरवण्याची पद्धत: चमचा सरळ समोरून, खालून वर आणा. खालच्या ओठावर टेकवा. थांबा. बाळ तोंड उघडेल तेव्हाच आत, जिभेवर हलका दाब, वरचा ओठ मिटू द्या आणि चमचा सरळ बाहेर. मग बाळ गिळेपर्यंत दुसरा चमचा हवेतही नको. सुरुवातीला एका चमच्याला अर्धा मिनिट लागतो. हे थांबणं आपल्यालाच जड जातं.

दहा-पंधरा मिनिटांत आवरा, मग वाटीत कितीही उरलेलं असो. तोंड फिरवणं, ओठ मिटणं, पाठ ताणणं, हाताने चमचा ढकलणं म्हणजे ‘पुरे’. टीव्ही लावून, नाक दाबून, रडताना उघडलेल्या तोंडात घालून भरवू नका. दूध नेहमीइतकंच चालू. पहिले काही आठवडे हे जेवण पोटासाठी कमी आणि तोंडाच्या सरावासाठी जास्त असतं.

शी घट्ट होणं, रंग बदलणं, तीत गाजराचे कण दिसणं साधारण आहे. बाळ कुंथून रडत असेल, शी खड्यासारखी असेल तर आठवडाभर वाट न बघता विचारा.

## ६. आता वाटीत काय हवं

दहा दिवस बरे गेले की भाजीच्या पलीकडे जा. इथे बहुतेक घरं अडकतात. महिनाभर फळं आणि भाज्याच चालू राहतात, कारण त्या सौम्य वाटतात. कमी दिवसांच्या बाळाला पहिल्यांदा गरज पडते ती लोहाची, प्रथिनांची आणि कमी जागेत जास्त ऊर्जेची. म्हणून डाळ किंवा कडधान्य, चांगलं शिजवलेलं अंडं, मासे किंवा मांस बारीक वाटून, जे घरात चालतं ते लवकर आणा. वनस्पतिजन्य लोह अंगी लागावं म्हणून त्याच घासाबरोबर संत्रं किंवा टोमॅटोसारखं क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी द्या. वाटीत एक छोटा चमचा तेल घातलं की ४० कॅलरी वाढतात आणि पोटातली जागा मात्र जवळजवळ तेवढीच लागते. वजन मागे असलेल्या बाळासाठी एवढा साधा उपाय दुसरा नाही.

अंडं, शेंगदाणा, गहू, मासे अशा ऍलर्जीच्या पदार्थांना घाबरून ते वर्षभर लांबवू नका, त्याने ऍलर्जी टळत नाही. एका वेळी एकच, सकाळी, थोडंसं, आणि दोन-तीन दिवसांचं अंतर. शेंगदाणा गुळगुळीत वाटून आणि दुसऱ्या अन्नात सैल करूनच, अख्खा कधीच नाही. बाळाला तीव्र एक्झिमा (कातडीवर खाजरे, कोरडे चट्टे) असेल किंवा एखाद्या पदार्थाची ऍलर्जी आधीच दिसली असेल तर डॉक्टरांना विचारून.

वर्षाच्या आत नको ते: मध, मीठ, साखर, फळांचे रस. मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा, धोका असतो. नेहमीच्या दुधाच्या जागी गायीचं दूध हे मुख्य पेय म्हणूनही नको, कारण त्यात लोह नगण्य असतं.

बाळ मागेल तसतसं वाढवत दिवसातून दोन-तीन वेळांपर्यंत या. बरोबर पाण्याचे दोन-चार घोट पुरेत. पाण्याने पोट भरलं की दूध कमी होतं, हे इथेही लागू.

## ७. गुळगुळीतवर अडकू नका

दीड-दोन महिने वाटलेलं छान चाललं की तेच चालू ठेवायचा मोह होतो. मिक्सर सोडायचा धीर होत नाही. पण मऊ गाठी चघळायला शिकण्याचा एक काळ असतो आणि तो निसटला की पुढे प्रत्येक कण थुंकणारं मूल घरात असतं. म्हणून क्रम असा: गुळगुळीत, मग काट्याने कुस्करलेलं दाटसर, मग मऊ बारीक तुकडे, आणि बरोबरीने हातात धरता येईल असं मऊ काहीतरी. दुरुस्त वय नऊ-दहा महिने होईपर्यंत गाठी तोंडात आलेल्या असाव्यात.

पातळ रस्सा आणि त्यात तरंगणारे तुकडे असं देऊ नका. तोंडात एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते मोठ्या मुलांनाही जड जातं. मऊपणाची परीक्षा सोपी: तुकडा अंगठा आणि तर्जनीत दाबा, सहज चिरडला तर चालेल.

## ८. उबळ की गुदमरणं?

नवीन दाटपणा आला की उबळ येणारच. उबळीत आवाज असतो: खोकला, ओकारीसारखा आवाज, लाल चेहरा, डोळ्यांत पाणी. शांत राहा, बोट घालू नका, बाळ बहुतेक वेळा स्वतःच घास पुढे आणतं. कमी दिवसांच्या बाळात ही उबळ जास्त वेळा आणि जास्त काळ दिसू शकते.

गुदमरणं शांत असतं. आवाज नाही, रडता येत नाही, ओठ निळसर होतात. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा, पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. पुन्हा तेच, आणि कुणाला तरी लगेच मदतीसाठी फोन करायला लावा. बेशुद्ध झालं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. वाचून हे हाताला येत नाही. पहिल्या चमच्याच्या आधी कुणाकडून तरी बाहुलीवर करून घ्या.

## ९. बाळ तोंडच उघडत नसेल

ज्या बाळाच्या तोंडा-नाकातून आठवडेच्या आठवडे नळ्या गेल्या, गालावरच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या गेल्या, त्याच्यासाठी तोंडाकडे येणारी वस्तू म्हणजे खाऊ नसतो. माझी मुलगी चमचा एका वितीवर आला की कपाळाला आठ्या घालून कोपराने तोंड झाकायची. हा हट्ट नव्हता.

अशा वेळी एक पायरी मागे. आठवडाभर चमचा फक्त खेळायला द्या. ट्रेवर अन्न सांडू द्या, हात भरू द्या, तो हात स्वतः तोंडात गेला तर जाऊ द्या. तुम्ही समोर बसून खा. एखादा पदार्थ नाकारला तर तो ‘आवडत नाही’च्या यादीत लगेच टाकू नका, आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. एकदा जबरदस्ती केलीत तर पुढचे चार दिवस पहिल्यापासून सुरुवात, हे मी करून पाहिलं आहे.

तीन-चार आठवडे असं करूनही चमचा तोंडाला लावू देत नसेल तर थेरपिस्टची वेळ घ्या. तोंडाचा तिटकारा जुना झाला की सुटायला जास्त वेळ लागतो.

आणि यातलं काही दिसलं तर भरवणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे: खाताना किंवा नंतर रंग बदलणं, श्वास जोरात चालणं, घास गिळल्यावर आवाज ओलसर घरघरता होणं, प्रत्येक जेवणाला खोकला, एकसारख्या उलट्या, शीतून रक्त, लघवीचे लंगोट कमी होणं. अंगावर गांध्या उठून ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट इमर्जन्सीत. दोन आठवडे वजन जागचं हललं नाही तर वही घेऊन जा: कोणत्या तारखेला काय, किती चमचे, त्या दिवशी दूध किती. आमच्या वहीत दिसलं की तिसऱ्या आठवड्यापासून दुपारचं दूध गायब झालं होतं. जेवणाची वेळ बदलून ते परत आणलं, बाकी काही करावं लागलं नाही.